अंगठा वर, की खाली?

गेल्या महिन्यात एडवणहून एक बाई आमच्याकडे आली. तिच्या मुलीचे पाय गेलेत, आणि नवापूरच्या यमूचेही, म्हणजे माझेही, असेच गेले होते पण परत आले, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पाय परत आले, असंच ती म्हणत होती, जसे काही ते चार दिवस पाहुणचाराला गेले होते. मी तिला दुपारभर सगळं सांगितलं. उठताना ती म्हणाली, "बाय, तुला लिवता येतं ना? मग लिवून दे. पोरीला कोणाकडून तरी वाचून दाखवीन. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाय."

मी सातवी पास आहे, पण लग्नानंतर माहेरच्या पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही. औषधांची नावं मला आठवत नाहीत. आजाराचं इंग्रजी नाव डॉक्टरांना दोनदा विचारलं आणि दोनदा विसरले. माझ्यावर काय गुदरलं तेवढं मात्र जसंच्या तसं आठवतं, ते लिहिते.

व्यायाम

नवापूर ते बोईसर पाचेक मैल. होड्या लागल्या की म्हावरं निवडायचं, पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि चालायला लागायचं. पुढे माझी सासू, तिला आम्ही आय म्हणतो, मधे मी, मागे धाकटी जाऊ मंजुळा. बांधावरची वाट अरुंद, म्हणून एकीमागे एक. तोंडं मात्र तिघींचीही चालू. आमच्या घरातली सगळी भांडणं त्या वाटेवर झाली आणि तिथेच मिटली.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं काम जोरात होतं, त्यामुळे बोईसरला कुठकुठची माणसं येऊन राहिली होती. कोळंबीला किडे म्हणणारी सातारची बाई आणि बोंबील बघून नाक दाबणारे नागपूरचे भाऊ, सगळे आमच्या गिऱ्हाइकांत. बाजार झाला की त्यांच्या चाळींतून दारोदार फिरायचं, मासा कसा साफ करायचा ते दाखवायचं, आणि रिकामी पाटी घेऊन परत पाच मैल. पाहुण्यारावळ्यांकडे जायचं तर पुन्हा पायीच.

पुढे मुंबईच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "घरी काही व्यायाम करत होतात का?" मी म्हटलं, "छे, कधीच नाही." मला खरंच तसं वाटत होतं.

वारं

गणपती उठल्यावर गावात तापाची साथ आली. मलाही ताप आला, चार दिवसांनी गेला. आठवडा दोन आठवडे बरे गेले, आणि एक दिवस तळपायांना मुंग्या आल्या. म्हटलं, येतात. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या वाटेवर माझी चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि मला कळलंच नाही. मंजुळेने ती उचलून आणली. "जाऊबाई, चप्पल टाकून चाललात! कोणाचा विचार करताय गो?" तिघी हसलो. तिसऱ्या दिवशी पाटाव‍रून उठायला गेले आणि उठताच येईना. गुडघे माझे ऐकत नव्हते.

आता आमच्या लोकांची गंमत बघा. असं झालं की सगळीकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. पण आम्ही पडलो समुद्राची माणसं. वारं म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच वारं, दर्यावरून येतं ते. आयने हुकूम सोडला, "वारा लागलाय पोरीला. दारं लावा. झरोके बुजवा." झाली धावपळ. झावळ्यांच्या कुडात जिथे फट दिसेल तिथे फाटकी जाळी, गोणपाट, जुनी लुगडी कोंबली. वर माझ्या पायांना मुशी माशाचं तेल चोळलं, होडीच्या लाकडाला लावतात तेच. तीन दिवस मी त्या कोंडलेल्या खोपटात घामाने निथळत पडले होते आणि तेलाच्या वासाने मांजरं दाराशी जमली होती.

आज हसू येतं. पण ते तीन दिवस वाया गेले, आणि तेवढ्यात माझी कंबर गेली. एडवणच्या पोरी, तुझ्या घरातल्यांनीही असंच काही केलं असेल. रागावू नकोस त्यांच्यावर. त्यांना जे वारं ठाऊक होतं तेच त्यांनी अडवलं.

माझा नवरा काशिनाथ होडीवर होता. तो चौथ्या दिवशी आला, त्याने दार ढकललं आणि वासानेच दोन पावलं मागे झाला. मग कोणाला काही न विचारता मला उचलून बैलगाडीत घातलं. बोईसरच्या डॉक्टरांनी पाय बघितले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आजच्या गाडीने मुंबईला न्या. हे वर चढत चाललंय. छातीपर्यंत गेलं तर श्वास घेता येणार नाही."

हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मी पायांनी गेले होते, कानांनी नव्हे.

अंगठा

मुंबईच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरांनी हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. काही झालं नाही. टाचणी टोचली. कुठे लागलं, कुठे नाही. मग म्हणाले, "डोळे मिटा. मी तुमच्या पायाचा अंगठा धरलाय. तो वर केलाय की खाली, सांगा."

मी डोळे मिटले. आणि मला कळेना.

म्हटलं, "वर."

"आता?"

"खाली."

"डोळे उघडा." अंगठा दोन्ही वेळा एकाच जागी होता, असं त्यांनी सांगितलं. मी नुसता अंदाज ठोकला होता, शाळेत पाढा चुकल्यावर ठोकतात तसा.

रडू मला तेव्हा आलं. पाय हलत नाहीत हे एकवेळ चालेल, पण माझा अंगठा माझाच, तो कुठे आहे ते मला ठाऊक नाही? मी रडत होते आणि डॉक्टर शांतपणे समजावत होते. शरीरात तारा असतात, त्यांच्यावर साल असते, तुमची साल निघालीय. ती पुन्हा येते, बहुतेकांची येते, पण सावकाश. इतकी वर्षं प्रत्येक पावलाला तुमचा पाय मेंदूला कळवत होता, मी इथे आहे, जमीन अशी आहे, दगड आहे, उतार आहे. आता निरोप पोचत नाही.

मी रडायची थांबले. खोटं वाटेल, पण मला भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं. रोज दहा मैल, आणि प्रत्येक पावलाला हा निरोप? मी तर तेव्हा मंजुळेशी मीठ जास्त झालं की कमी यावर भांडत असायची. माझ्या नकळत माझ्या आत एवढं सगळं चाललं होतं, आणि मी त्याला कधी नमस्कारसुद्धा केला नव्हता.

रोज सकाळी मी जागी झाले की आधी श्वास घेऊन बघायची. मग पोटाला चिमटा काढायची, मग बरगड्यांना. दुखलं की जीव भांड्यात पडायचा. आठ दिवस मी अशी स्वतःला चिमटे काढत होते. बेंबीच्या वर ते चढलं नाही. का नाही, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

खिडकी

आमची खोली चार पायऱ्या उतरून होती, त्यामुळे माझ्या खाटेशेजारची खिडकी रस्त्याच्या पातळीला यायची. गजांतून फक्त फूटपाथ दिसायचा आणि माणसांचे गुडघ्याखालचे पाय.

इस्पितळाचा दिवस तुला सांगायला नको, सगळीकडे सारखाच. झाडू, चहा-पाव, सिस्टरचा थर्मामीटर, भांडं मागायची लाज. त्या लाजेबद्दल एवढंच सांगते की ती पहिल्या आठवड्यात जीव घेते आणि तिसऱ्या आठवड्यात निघून जाते. उरलेला वेळ मी पाय बघत होते.

मुंबईची माणसं इतकी चालतात हे मला माहीत नव्हतं. वाटायचं, तिथे मोटारी, बसगाड्या, तिथे कोण कशाला चालतं. पण सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. पॉलिश केलेले बूट, एका टाचेकडे झिजलेल्या चपला, डबेवाल्यांचे झपझप पडणारे पाय, कामाला जाणाऱ्या बायकांच्या भेगाळलेल्या अनवाणी टाचा, शाळेतल्या पोरींचे पांढरे मोजे. दहाच्या सुमाराला एक सँडल यायची, तिचा पट्टा सुतळीने बांधलेला. पंधरा दिवस सुतळीच होती. सोळाव्या दिवशी नवीन पट्टा दिसला आणि मी शेजारच्या खाटेवरच्या आजीला हाक मारून सांगितलं. कसला आनंद झाला होता मला!

आणि एकही जण पडत नव्हता. तू म्हणशील, यात काय विशेष? पण मी दिवसभर बघत होते. एक पाय हवेत, सगळा देह दुसऱ्या पायावर, आणि तो पाय खाली येईपर्यंत मधे काहीच आधार नाही. हे हजारो लोक करत होते, कोणी गप्पा मारत, कोणी शीळ घालत, कोणी पोराला रागावत. मला देवळात बसल्यासारखं वाटायचं.

सासू

आय दर रविवारी यायची. तिला बसचे नंबर वाचता येत नाहीत, म्हणून स्टेशनापासून पायीच. एका रविवारी खिडकीत मला तिचे पाय आधी दिसले. काळे, रुंद, करंगळीशेजारी जुना व्रण. एवढ्या गर्दीत मी ते लगेच ओळखले. ती दारात दिसायच्या आधीच मी तिला हाक मारली.

पण ती गोड बोलायची, आणि त्याची मला भीती वाटायची. "खा गो बाय. निज गो बाय. काय काळजी करू नको." या बाईने दहा वर्षांत माझ्या हातच्या कालवणाला बरं म्हटलं नव्हतं. ती अशी बोलते आहे म्हणजे डॉक्टरांनी तिला काहीतरी सांगितलं आहे, अशी माझी खात्री पटली. ती जवळ्याची चटणी लपवून आणायची. सिस्टरला वास लागला की आय माझ्याकडे बोट दाखवायची, "हिनेच मागितली." तेवढी एक जुनी सवय शिल्लक होती म्हणून मी तग धरला.

तिसऱ्या महिन्यात पाय हलायला लागले. व्यायामाच्या बाईंनी दोन दांड्यांच्या मधे उभं केलं. "खाली बघा. पावलांकडे बघा. पाय सांगत नाही ना, मग डोळ्यांनी बघून टाका." त्यांनी बरोबरच शिकवलं. त्यामुळेच मी उभी राहिले. पहिल्या दिवशी तीन पावलं टाकली आणि घामाने भिजले, आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण नजर उचलली की मी कोसळायची.

मान

पौषात घरी आले. पायांकडे बघत बघत अंगण ओलांडायची, पायांकडे बघत विहिरीपर्यंत जायची. गावाला वाटलं, झालं बरं. काशिनाथ म्हणाला, "आता पाटी मंजुळा घेल. तू घरी बस, जाळी विण. जीव वाचला ते काय थोडं हाय?"

तो प्रेमानेच बोलला. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. जाळी विणणं वाईट नाही, पण ते बसून करायचं. बाजार, ती चाळीतली सातारची बाई, वाटेवरची भांडणं, हे सगळं म्हणजे मी. ते गेलं तर जीव वाचून मी त्याचं काय करू, असं मी त्याच्या तोंडावर बोलले. तो उठून किनाऱ्यावर गेला.

तरी त्याचं खोटं नव्हतं. डोक्यावर पाटी असली की खाली बघता येत नाही. मान वाकली की म्हावरं रस्त्यावर. आणि खाली बघितल्याशिवाय मला चालता येत नव्हतं. मी हे गणित पुन्हा पुन्हा मांडलं, उत्तर तेच यायचं.

तिसऱ्या दिवशी आय ओहोटीला मला किनाऱ्यावर घेऊन गेली. ओली वाळू घट्ट होती. तिने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर एक तपेली, तळाशी थोडी वाळू घातलेली.

"आय, डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय."

"डॉक्टर पाटी घेऊन बोईसरला गेलाय कदी?" तिचा आवाज जुना होता. "पायांकडं बघून कोण चालतं गो? पाय काय पळून जातात? माज्या मानंकडं बघ."

ती माझ्यापुढे उभी राहिली. आमच्या बायका एकीमागे एक अशाच चालतात, पुढचीच्या मानेवर नजर ठेवून. मी किती वर्षं तिची मान बघत चालले होते, कोणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. अंबाड्याखाली सुरकुत्या, माळेचा काळा दोरा. ती चालायला लागली. मी पाऊल टाकलं आणि पडले. तपेली घरंगळत पाण्यात गेली. आयने ती आणली, वाळू भरली, पुन्हा डोक्यावर ठेवली. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा ते ओझं डोक्यावर बसलं आणि पाठीतून खाली, टाचेपर्यंत, काहीतरी सरळ झाल्यासारखं वाटलं. टाचेखाली मला वाळू लागली. थंड होती. मी पाच पावलं गेले, मग दहा.

असं का झालं, पुढे मी मुंबईला तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडं ओझं असलं तर सांध्यांवर दाब येतो, निरोप जरा मोठ्याने जात असेल. व्यायामाच्या बाई आधी रागावल्या, मग त्यांनी मला खोलीभर तपेली घेऊन चालायला लावलं आणि कंपाउंडरला बोलावून दाखवलं. तू मात्र आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. माझी सासू सगळ्यांकडे नसते.

लोखंड

होळीनंतर ठरलं. एकदा बोईसरला जाऊन बघायचं, अर्धी पाटी घेऊन. जाताना चालत, येताना एस.टी.ने. पोचले तर पाटी माझी, वाटेत बसले तर जाळी. काशिनाथने अट घातली, मी कबूल केली.

पोचले. तीन ठिकाणी थांबले, पण पोचले. बाजारातल्या बायकांनी गालावरून हात फिरवले. चाळीतली सातारची बाई म्हणाली, "अहो, तुमच्यावाचून आमचं कोळंबीचं अडलं होतं की!" एवढं झाल्यावर पायांत त्राण उरलं नव्हतं. आय आणि मी एस.टी.च्या थांब्यावर बसलो.

एस.टी. आलीच नाही. वीजकेंद्राकडे काहीतरी अवजड यंत्र निघालं होतं आणि रस्ता बंद होता. काय सांगू तुला ते! लोखंडाचं एक प्रचंड पिंप, आमच्या तीन होड्या एकावर एक ठेवल्या तरी त्याच्या पोटात मावतील एवढं. खाली चाकंच चाकं, मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. पुढे लाल निशाण घेतलेला माणूस, मागे-पुढे पाच-पंचवीस जण, आणि ते सगळं गोगलगाईसारखं सरकत होतं. अख्खं बोईसर रस्त्याच्या कडेला उभं होतं. म्हातारी माणसं हात जोडत होती.

"यातून वीज निघल?" आयने विचारलं.

"म्हणतात."

"आता गं काय करायचं? संध्याकाळपावेतो हे काय हलत नाय. तू इथं बस, मी काशिनाथला गाडी घेऊन धाडते."

बसून राहायला मला जिवावर आलं. म्हटलं, त्याच्या मागून थोडं चालूया, जमेल तिथवर. आम्ही त्या लोखंडाच्या मागोमाग निघालो. मग ते कसं वळतं ते मला बघायचं होतं, म्हणून मी कडेने जरा पुढे झाले. एक चाक माझ्या खांद्याच्या उंचीचं होतं. निशाणवाला ओरडला, "बाजू हटो, माई, बाजू!" मी कडेच्या गवतात उतरले आणि चालतच राहिले. मान वर करून त्याच्या शिवणी, त्याचे खिळे, त्यावर बसलेला एक कावळा बघत होते. एवढं अवजड काही माणसाने घडवलं आणि माणसंच त्याला हलवतात, याने मी अगदी थक्क झाले होते. चाकं मागे पडली. निशाणवाला मागे पडला. समोर मोकळा रस्ता आणि नवापूरचा फाटा.

मागून ओरडणं ऐकू आलं. आयचा आवाज होता, दम लागलेला आणि चिडलेला.

"अगो यमे! थांब गो! म्हातारीला मागं टाकून कुठं पळतेस?"

मी थांबले आणि वळून बघितलं. ते यंत्र पार लांब राहिलं होतं. आय पदराने घाम पुसत, मला शिव्या घालत येत होती, आणि मला पहिल्यांदाच तिची वाट बघावी लागली.